काळ्या अंगठ्याची बाटली

आख्ख्या कोल्हापुरात दारूची चव माझ्याइतकी कुणाला कळत न्हाय, असं वीस वर्षं सगळे म्हणत आलेत. सगळे म्हंजे मीच, दुसरं कोण म्हणल्याचं माझ्या तरी ऐकण्यात न्हाय.

तरी सांगतो, कारण ह्याच जिभेपायी एका चांगल्या माणसाची नोकरी जायची येळ आलती. आणि त्यो माणूस माझ्या बायकोचा भाऊ. सख्खा न्हाय, पर सख्ख्यापेक्षा जवळचा.

मी शिकलो चौथीपतोर. चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसाय गेलो तर मास्तर म्हणले, "आता ह्यो बाक तुझ्याच नावावर करून टाकूया काय?" मग उठलो. मोठा झालो तसा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागलो. लोखंड वितळवून ओतायचं म्हटलं की पयला वाळूचा साचा करावा लागतो. त्या वाळूत पाणी किती, ह्यात सगळी मेख. कमी पडलं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर तापलेलं लोखंड आत गेलं की उसळी मारतं आणि मालाला फोड येतात. मी काय करायचो, चिमूट न्हाय, चांगली मूठभर वाळू घ्यायची, वळायची आणि मधी मोडायची. मोड कशी येती बघून सांगायचो, "अजून अर्धी बादली मारा." नाहीतर, "बास, जास्त झालं."

मग साहेबांनी वाळूतलं पाणी मोजायचं यंत्र आणलं. आठ दिवस यंत्र एकीकडं नि माझी मूठ एकीकडं. दोघं सारखंच सांगायची. साहेब म्हणले, "मिस्त्री, तुमची मूठ म्हंजे मूठ हाय." मी त्याचा अर्थ असा घेतला, की ज्याची मूठ एवढी शानी, त्याची जीभ केवढी शानी असंल! माझ्या सगळ्या चुकांची सुरवात हितनं हाय.

पयली पाळी साडेतीनला सुटायची. हमरस्त्याच्या कडंला एक परमीट रूम हुती, तिथं मी चारला हजर. आत सहा टेबलं, एक पंखा फिरणारा, एक नुस्ता लटकणारा. तिथला वेटर गारगोटीकडचा, माझ्या बायकोच्या माहेरच्याच गावचा. दोघांची घरं एका गल्लीत. आमच्याकडं असल्या नात्यात सख्खा-चुलत बघत न्हाईत. गावचा माणूस म्हंजे भाऊ, आणि भाऊ म्हटलं की भाऊबीजेला ओवाळायचं. मग त्यो मला दाजी म्हणायचा आणि मी त्याला पावणं. मी बसलो की त्यो खारे शेंगदाणे आणि कापलेला कांदा आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "दाजी, आज काय चाखताय?"

चाखताय म्हणायचा, पिताय न्हाय. म्हणून तर माझा त्याच्यावर जीव.

चाखायचं शास्त्र मी माझं मीच काढलं हुतं. पयला वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात घेऊन डावीकडनं उजवीकडं न्यायचा, डोळं मिटायचं आणि मग वहीत लिवायचं. वही पोरीच्या शाळंची, गेल्या वर्षीची पानं उरलेली. पुढच्या पानांवर तिचे पाढे, मागनं माझी दारू. एकदा बाईंनी तपासाय मागितली नि पोरीनं तीच दिली. बाईंनी एका ठिकाणी लाल शाईनं लिवलं, 'अक्षर सुधारावे.' मजकुराबद्दल काय बोलल्या न्हाईत. मला वाटलं, पटलं असंल.

काय लिवायचो ते ऐका. बिअर: 'शिळी भाकरी भिजत घातल्यावानी वास, पर गार असली की माफ.' व्हिस्की: 'नव्या चपलेचा वास. चप्पल चावती तशी ही पण चावती.' ब्रँडी: 'खोकल्याच्या औषधाचा थोरला भाऊ.' जिन: 'निलगिरीच्या झाडाखाली बसून लिंबू पिळल्यासारखं. लिंबू चांगलं हाय.' रमवर पयल्यांदा एकच ओळ हुती, पुढं सात पानं भरली. रम माझी आवडती. गुळाच्या मुलखातला माणूस, दुसरं काय आवडणार?

पुढं दोन हजारच्या आसपास वाईन आली. द्राक्षं आपल्या सांगलीकडं ढिगानं पिकायची, पर त्याची अशी बुचाची बाटली आमच्या परमीट रूममधी पयल्यांदाच. बूच कसं काढायचं कुणालाच ठावं नव्हतं. पावण्यानं मळसूत्री खिळा लावून ओढलं, निम्मं बूच भाईर, निम्मं आत. मालक म्हणले, "ऱ्हाऊ दे, त्यो बी द्राक्षाचाच भाग समजा." मी कुठंतरी ऐकलं हुतं की वाईन गलासात गोल फिरवायची असती. उभं ऱ्हाऊन फिरवली. निम्मी माझ्या सदऱ्यावर आणि निम्मी शेजारच्या टेबलावरच्या शिपायाच्या अंगावर. शिपाई म्हणजे पोलीस न्हाय, शाळंतला. त्यो म्हणला, "मिस्त्री, रंगपंचमीला येळ हाय की अजून." वहीत लिवलं, 'वाईन: डाग जात न्हाय.'

कॉकटेल पण केलं एकदा. रम उसापासनं होती हे मला कळलं तवा माझ्या डोक्यात आलं, की मग रम उसाच्याच रसात का घालू नये? रसवंतीतनं ताजा रस आणला, आल्याचा तुकडा, लिंबू, वर रम. म्हटलं बापलेकाची गाठ घालून दिली. पयला गलास मालकांना दिला. मालकांनी निम्मा घेतला, माझ्याकडं बघितलं, खाली ठेवला आणि पावण्याला म्हणले, "ह्यो गलास दोनदा घासा."

एवढं सगळं चाललेलं असताना मला कावीळ झाली. डोळं हळदीचं झालं. डॉक्टर म्हणले, "दारू बंद."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी पीत न्हाय. चाखतो."

"रोज किती चाखता?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणले, "एवढं तर पिणारे पण पीत न्हाईत."

सहा महिनं एक थेंब न्हाय. बायकोनं पथ्याचं करून घातलं, बिनतिखटाची आमटी, भात. कोल्हापुरात बिनतिखटाची आमटी खाणं म्हंजे काय, ते खाल्ल्याशिवाय कळायचं न्हाय. सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणले, "तपासणी बरी हाय. पर ह्याच्यापुढं सांभाळून." मी 'सांभाळून' एवढंच ऐकलं आणि चारला परमीट रूममधी जाऊन बसलो. बायको त्या रात्री जेवली न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं. नुस्ती म्हणली, "पोरगी अजून सातवीत हाय," आणि तोंड फिरवून झोपली.

मला लागलं ते. मग मी मधला मार्ग काढला. अख्खी बाटली एकदम घ्यायची, तिथंच ठेवायची आणि रोज दोनच पेग. तिथं रोजच्या गिऱ्हाइकांची अशीच रीत हुती. बाटल्या कपाटाच्या मागच्या फळीवर, कुठली कुणाची ते पावण्याच्या डोक्यात. ना चिठ्ठी, ना खूण.

त्या वर्षी भाऊबीजेला पावणं आलतं. बायकोनं पाट मांडला, ओवाळलं. मी सोप्यात खुर्चीवर बसलोतो. दरवर्षी ताटात काय पडलं ते मी वाकून बघायचो. त्या वर्षी बघितलं तर ताटात सुपारी आणि तांदूळ, बाकी काय न्हाय. मी मनात म्हटलं, दिवाळीला हात आखडला वाटतं पावण्याचा. आणि दोघं एकमेकांकडं बघून गप झालेली. मला वाटलं गावाकडचं काय असंल.

पर एक गोष्ट मी टिपली. त्या दिवाळीनंतर माझी जीभ सुधारली. रम एकदम मऊ लागाय लागली. आदी घशात खरवडायची, आता लोण्यावानी खाली जायाची. मी वहीत लिवलं, 'माणूस आजारातनं उठला की जीभ पिकती.' पुढच्या वर्षी अजून मऊ. लिवलं, 'रमचा पोटातला गोडवा आता कळाय लागला.' कारखान्यात डबा खाताना पोरांना सांगायचो, "तुमाला जळजळ लागती ना? ती तुमच्या जिभेची कच्ची बाजू. वीस वर्षं चाखा, मग बघा." पोरं माना डोलवायची. असली पाच वर्षं गेली.

मग ती शनिवारची भानगड झाली.

पावणं गावाकडं लग्नाला गेलतं. मालक स्वतः वाढत हुते. जयसिंगपूरचा एक व्यापारी आला, त्यानं रम मागितली. मालकांनी, मग भरून देऊ म्हणून, मागच्या फळीवरची हाताला लागली ती फोडलेली बाटली घेतली आणि ओतली. व्यापाऱ्यानं एक घोट घेतला आणि आख्खी रूम ऐकंल असा वराडला, "मालक, रम मागितली हुती, ताक दिलंय काय?" मालकांनी चाखली. निम्मं पाणी.

मालकांचं डोकं फिरलं. त्यांना वाटलं, पावणं गिऱ्हाइकांच्या मालात पाणी मारतंय आणि उरलेली दारू भाईर विकतंय. एकोणीस वर्षं ज्याच्या हातात कपाटाची किल्ली दिली, त्यो असा निघाला! पावणं लग्नासनं परतलं तसं मालकांनी इचारलं, "हे पाणी कुणी घातलं?"

पावणं म्हणलं, "गिऱ्हाइकाला मी कवा फसवलं न्हाय." एवढंच. त्याच्याफुडं इचारलं की मान खाली.

"मग ह्या बाटलीत आलं कुठनं?"

पावणं टेबल पुसाय लागलं.

मालक म्हणले, "किल्ली ठेव आणि जा." मग बाकीची दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं मधी पडली. पावण्याचं वय पन्नाशीच्या पल्याड. ह्या वयात दुसरीकडं कोण ठेवून घेणार, आणि तेबी पाणी मारतो म्हणून काढलेल्या माणसाला? मालक जरा थंड झालं. म्हणले, "बरं. रोजच पाणी मारतोय, की एका बाटलीतच काय गोची झाली, हे ठरवू. रोज चाखणारा माणूस आपल्याकडं हाय की. मिस्त्रीला बोलवा."

मला निरोप आला तवा मी आरशात बघून भांग पाडला. वीस वर्षांत पयल्यांदा माझ्या जिभेला कुणी कामाला लावलं हुतं. रविवारी सकाळी अकराला यायचं ठरलं. जीभ ताजी ऱ्हावी म्हणून मी न्याहरीला कांदा पण खाल्ला न्हाय. कारखान्यातली दोघं बघाय बरोबर. बायको म्हणली, "कुठं निघाला?"

मी म्हटलं, "तुझ्या दादाची नोकरी वाचवाय."

तिचा हात पोळपाटावरच थांबला. म्हणली, "काय झालं?" मी दारातनंच सांगितलं, बाटलीत पाणी सापडलं म्हणून. ती काय तरी बोलाय लागली, पर मी तवर चपला घालून रस्त्याला लागलो.

परमीट रूमची खिडकी उघडी, आत ऊन आलेलं. टेबलावर दोन गलास. मालक समोर, पावणं भिंतीला टेकून उभं, चेहरा असा की तापातनं उठलाय. मालक म्हणले, "मिस्त्री, सोपं हाय. दोन्ही रम, एकाच कंपनीच्या. रोज हितं तुमाला जी मिळती, ती कुठली, ते सांगा."

मी पयला गलास उचलला. वास घेतला. घोट डावीकडनं उजवीकडं नेला, डोळं मिटलं. मऊ. लोण्यावानी. दुसरा घेतला. घशात असा खरवडला की डोळ्यात पाणी आलं. खोकलो. खाली ठेवला आणि म्हटलं, "मालक, ह्यात काय संशयच न्हाय. पयली ती रोजची, अस्सल. दुसऱ्यात कुणीतरी स्पिरिट घातलंय."

मालकांनी टेबलाखालनं दुसरी बाटली काढली. नवी, नुकतंच सील फोडलेलं झाकण शेजारी ठेवलं. "ही दुसरी. आत्ता फोडली." मग पयली काढली. "आणि ही पाण्याची. म्हंजे तुमाला रोज पाण्याचीच मिळती. झालं, निकाल लागला." आणि पावण्याकडं वळून म्हणले, "किल्ली."

पावण्यानं कमरेची किल्ली सोडाय घेतली. माझ्याकडं बघितलं पण न्हाय.

माझी नजर तवर त्या पाण्याच्या बाटलीवर गेलती. कागदावर, नावाच्या खाली, एक काळा अंगठा उमटलेला. साच्याला आतनं काळं ग्राफाईट लावावं लागतं, ते कितीबी साबण लावला तरी अंगठ्याच्या रेघांतनं निघत न्हाय. आख्ख्या परमीट रूममधी फौंड्रीतला रोजचा मीच. आणि अंगठ्याच्या मधी आडवी कापल्याची रेघ, तापलेला पत्रा लागलावता त्याची. ती बाटली माझी हुती.

आता खरं सांगतो. मी लगीच बोललो न्हाय. गप बसलो असतो तर कुणाला कळलंच नसतं, की पाण्याची ती फकस्त माझी एकट्याची. सगळ्यांना वाटलं असतं, सगळ्यांच्याच दारूत पाणी, मग मिस्त्री बिचारा काय करणार. माझ्या बरोबर आलेली दोघं बघत हुती, त्यांना मी पाच वर्षं कच्ची बाजू आणि पिकलेली जीभ शिकवलेली. बोललो तर माझं काय ऱ्हाणार? किल्लीची गाठ घट्ट हुती. पावणं नखानं सोडवत हुतं, सुटत नव्हती.

मी म्हटलं, "मालक, थांबा. ही माझी बाटली."

"म्हंजे?"

मी अंगठा कागदावरच्या ठशाशेजारी टेकवला. "माझी एकट्याची. मागच्या फळीवरच्या दुसऱ्या सगळ्या काढा नि चाखून बघा. तुमी चाखा, मला देऊ नका."

मालकांनी आठ बाटल्या काढल्या. एक-एक थेंब जिभेवर घेतला. आठही कडक. मालक पुरते चक्रावले. म्हणले, "मग ह्या एकट्याच्याच बाटलीत का? काय वैर हाय तुझं दाजीशी?"

पावणं मला म्हणलं, "दाजी, तुमी जरा भाईर जाता काय?"

मी म्हटलं, "अजून काय ऱ्हायलंय पावणं? बोला."

तवा त्यो बोलला. मान वर न करताच. "कावीळ झालती त्या सालची भाऊबीज. ताईनं ताट फुडं धरलं आणि म्हणली, दादा, साडी नको, पैसं नको. त्यांच्या गलासात पाणी घाल आणि कुणाला सांगू नको, त्यांना तर न्हाईच. ओवाळणी म्हणून मागितलं तिनं. भावानं न्हाय कसं म्हणायचं?"

पयला हसला कारखान्यातला एक. मग दुसरा. मग मालक. मालक असं हसलं की त्यांना टेबलाला धरावं लागलं. पावणं पण हसाय लागलं, डोळं पुसत. मालकांनी किल्ली त्याच्या हातातनं घेतली, ती सुटायची ऱ्हायलेली गाठ परत आवळून त्याच्या कमरंला बांधली आणि म्हणले, "एवढंच सांगायचं हुतंस की मला!" मग कागद मागितला, चिकटवला माझ्या बाटलीवर आणि लिवलं, 'मिस्त्री. फकस्त मिस्त्री. दुसऱ्याला देऊ नये.' अक्षर बाईंनी पास केलं असतं असं.

मी बी हसलो. पर रस्त्याला लागल्यावर हिशेब जुळाय लागला. लोण्यावानी रम, पोटातला गोडवा, पिकलेली जीभ. सात पानं. ती सात पानं पाण्यावर हुती.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "दादाचं काय झालं?"

"ऱ्हायली नोकरी."

तिनं श्वास सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. मी मागनं गेलो. ती ताट वाढत हुती. मी म्हटलं, "किती घालाय सांगितलंतंस?"

"काय?"

"पाणी."

ती जराबी लाजली न्हाय. म्हणली, "पयला पाव सांगितलं. दादा महिन्यानं आला नि म्हणला, ताई, दाजींना कळलंच न्हाय, उलट म्हणत्यात मऊ लागती. मग निम्मं कर म्हटलं. ते बी कळलं न्हाय. मग मीच म्हटलं आता बास, न्हायतर बाटलीत रंग पण ऱ्हायचा न्हाय."

मी पाटावर बसलो. म्हटलं, "अगं, कारखान्यात वाळूत तांब्याभर पाणी जास्त झालं तर मी सांगतो. यंत्राच्या आदी सांगतो."

तिनं आमटी वाढली. बिनतिखटाची नव्हती, चांगली लालभडक. भाकरी ताटात टाकली आणि म्हणली, "मग उद्यापास्नं चाखू नका. गलासात हात घालून बघा."